लांब लाकडाची वाट



वऱ्हाडच्या इतिहासाचे नाव काढले की गाविलगडचा किल्ला, अचलपूरची नबाबी, अडगावची लढाई आणि फार तर कापसाची सुगी एवढ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहे तो या यादीत बसणारा नाही. ओझे, आणि त्यातही लांब, बोजड, एका माणसाच्या किंवा एका जनावराच्या अंगावर न बसणारे ओझे, आपल्या दोन जिल्ह्यांत कसे हलविले गेले, हा तो विषय. शाळेत मी पस्तीस वर्षे इतिहास शिकविला, पण पाठ्यपुस्तकात या गोष्टीस एक ओळही दिलेली मला आढळली नाही. राजे कोणत्या वाटेने आले हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. राजांच्या तोफा त्या वाटेने कोणी ओढल्या, हे विचारण्याची मात्र आपणांस सवय नाही.

तोफांपासूनच आरंभ करू. सन १८०३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रजी सैन्य गाविलगडाकडे वळले. किल्ल्याची दक्षिणेची बाजू उभ्या कड्याची. वेढा घालावयाचा तर तो उत्तरेकडून, लबाडा नावाच्या गावाच्या अंगाने. म्हणून कर्नल स्टीव्हन्सन याची तुकडी अचलपुराहून डोंगरात शिरली. अंतर सुमारे तीस मैलांचे, परंतु रस्ता म्हणून नव्हताच. शिपायांनी आधी वाट कोरावयाची आणि मग त्या वाटेने वेढ्याच्या जड तोफा दऱ्याखोऱ्यांतून हातांनी ओढावयाच्या, असा क्रम जवळजवळ सारी वाट चालला. डिसेंबरच्या ७ तारखेस निघालेली ही तुकडी १२ तारखेस लबाड्यास पोहोचली आणि १५ तारखेस किल्ला पडला. आर्थर वेलस्लीचे नाव या विजयास चिकटले. दोर ओढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या मुलखात बोजड ओझ्याची म्हणून जी पहिली मोठी हकीकत तारीखवार सापडते ती ही, आणि ती लढाईची आहे, व्यापाराची नव्हे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

व्यापाराचे ओझे त्या काळी बैलाच्या पाठीवर असे. लमाणांचे तांडे वऱ्हाडचा कापूस पाठीवर घालून पार मिर्झापुरापर्यंत नेत. सन १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी मुंबईकडे जी पहिली मोठी रवानगी केली ती ५०० बैलांची होती, अशी नोंद वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटिअरात आहे. बैलाच्या पाठीचे शास्त्र साधे आहे. दोन बाजूंस दोन गोण्या, दोहोंचे वजन सारखे, म्हणजे पालाण घसरत नाही. पण याच शास्त्रामुळे बैलाच्या लांबीहून लांब अशी कोणतीही वस्तू त्याच्या पाठीवरून जाऊ शकत नसे. फार तर बांबूच्या मोळ्या दोन अंगांस बांधून त्यांची टोके मागे जमिनीवर फरफटत न्यावयाची. कापूस बिचारा गरीब. त्यास दाबा, कोंबा, गोणीत भरा, तो सांगाल तो आकार घेतो. पुढे दाबयंत्रे आली तेव्हा त्याची लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ झाली आणि त्याचे बोजडपण बरेचसे मिटले. लाकडाचे तसे नाही. लाकूड दाबता येत नाही. ते तोडता येते, पण तोडले की त्याची किंमत जाते. घराच्या आढ्यास अठरा फुटांचे अखंड लाकूड हवे असेल तर नऊ फुटांचे दोन तुकडे त्याच्या जागी चालत नाहीत.

आणि लाकडाचे माहेर तर आपल्या दाराशी. मेळघाटातून वाहणाऱ्या सिपना नदीचे नाव कोरकू भाषेतील सागाच्या नावावरून पडले आहे. ज्या मुलखात नदीसही सागवानाचे नाव आहे तेथे लाकडाची वाहतूक हा उद्योग पुरातन असणार, हे सांगावयास नको. झाड तोडले की बैलांच्या किंवा हेल्यांच्या जोडीने ओंडका ओढत गाडीवाटेपर्यंत आणावयाचा, तेथे तो बंडीवर चढवावयाचा, आणि घटांगच्या घाटाची वळणे उतरून परतवाड्यास पोहोचवावयाचा. परतवाड्याचा लाकूडबाजार या वाटेवर उभा राहिला.

ओंडका बंडीवर चढविण्याची जी रीत मी लहानपणी पाहिली ती येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. बंडी ओंडक्यास समांतर अशी उभी करीत. चाकांना दगड लावीत. साटीच्या कडेस दोन मजबूत वासे तिरपे टेकवीत. मग दोन दोरखंडांची एकेक टोके बंडीस पक्की बांधून, ते दोर ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वरून बंडीच्या पलीकडे नेत. पलीकडील माणसे दोर ओढू लागली की ओंडका दोरात फिरत फिरत वाशांवरून वर चढे. सब्बल घेतलेले दोघे त्यास खालून आधार देत. यात एक गंमत आहे, ती शाळेतील मुलांना मी नेहमी सांगत असे. ओंडका गुंडाळला जात असल्यामुळे दोर दोन हात ओढावा तेव्हा ओंडका एकच हात सरकतो, म्हणजे ओढणाऱ्यास निम्माच जोर लागतो. पुस्तकात ज्यास फिरती कप्पी म्हणतात तीच ही, फक्त येथे कप्पी म्हणजे खुद्द ओंडकाच. ही युक्ती काढणाऱ्यांपैकी एकानेही पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नव्हते.

चढविलेला ओंडका बंडीवर कोठे ठेवावा यातही कसब होते. मागे फार गेला तर बंडी उलार होऊन जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे फार गेला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून आखाच्या किंचित पुढे त्याचा तोल साधावयाचा. परंतु मुख्य गोष्ट ही की, ओंडका बाजूने चढवीत आणि लांबीने नेत. माल बाजूने घ्यावयाचा आणि वाटेच्या दिशेने वाहावयाचा, ही दोन तत्त्वे आपल्या गाडीवानांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

जेथे बंडी जात नसे तेथे खांदा होता. वाळलेले सागवान घनमीटरास सुमारे ६५० किलो भरते. सहा मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर जाडीचा ओंडका घेतला तर त्याचे वजन पाच क्विंटलांच्या घरात जाते. ओले लाकूड याहून जड. आठ माणसे लावली तर हिशेबाने दर खांद्यावर साठ किलोंच्या वर भार येतो. पण हिशेब हा कागदावरचा. लांब ओझ्याचा स्वभाव असा की, जमीन उंचसखल आली की मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा येताच साऱ्या ओंडक्याचा भार त्याच्यावर पडतो आणि टोकाच्या माणसांचे खांदे मोकळे होतात. म्हणून हमाल उंचीप्रमाणे जोड्या लावीत. उंच माणसाची सर्वांत जास्त ओढाताण, तो जोडीत नकोच, असे म्हणत. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली एका माणसाने ५५ किलोंहून अधिक ओझे हाताने वाहू नये अशी शिफारस केली. आमच्या लाकूडबाजारातील खांद्यांपर्यंत ती कधी पोहोचल्याचे मला आठवत नाही.

आता आगगाडीकडे वळू. जी. आय. पी. रेल्वेचा फाटा १८६७ साली नागपुरास पोहोचला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावचा फाटा उघडला. कापसाचे भाग्य फळफळले, हे सर्वश्रुत आहे. लाकडास मात्र रेल्वेने आधी आखूड केले. रेल्वेस हवे होते स्लीपर, म्हणजे रुळांखालील लाकडी पाट, जेमतेम नऊ फुटांचे. अशा पाटाचे वजन साठ-सत्तर किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या डोक्यावर चढेल इतकेच.

लांब लाकडाचा खरा प्रश्न उभा राहिला तो मूर्तिजापुरास. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे बांधली गेली. तीच आपली शकुंतला. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, आणि मूर्तिजापुरास येऊन मिळणाऱ्या थोरल्या रेल्वेचे साडेपाच फूट. धाकटीची वाघीण थोरलीच्या रुळांवर चढू शकत नाही, तेव्हा परतवाड्याच्या बाजूने आलेला प्रत्येक नग मूर्तिजापुरास एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. ज्या मालास एकदाच हात लागावयाचा त्यास दोनदा लागू लागला. नकाशावर जेथे दोन रेघा मिळतात तेथे आपण एक ठिपका काढतो. त्या ठिपक्यात माझे आजोबा राबत होते. त्या फलाटावरचे हमाल होते ते. कापसाच्या गाठीस ते भीत नसत. गाठ लोळविता येते, उलटविता येते. लांब लाकडाचे नाव निघाले की मात्र आधी तंबाखू मळीत आणि मग उठत, असे माझी आजी सांगे. उघड्या वाघिणीतून लांब लाकूड काढताना ते तिरपे करून फिरवावे लागते, आणि फिरणाऱ्या लाकडाचे शेपूट कोणाच्या बरगडीत बसेल याचा नेम नसतो. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडीच बंद आहे. पण मूर्तिजापूरचा वाडा अद्याप आपण पाहू शकता.

माझे वडील परतवाड्यास एका लाकूडव्यापाऱ्याच्या आवारात कामास होते. तोवर बंड्या मागे पडून ट्रक आले होते, परंतु चढविण्याची रीत तीच राहिली होती. वासे, दोर, सब्बल. फक्त ट्रकचा फाळका बंडीच्या साटीहून पुष्कळ उंच, म्हणून वासे अधिक उभे. हमालांचा एक दंडक होता. वडील मलाही तो खेळाखेळात सांगत, “लाकडाच्या उताराकडं उभं राहाचं नाही, बापू.” सन १९६८ च्या उन्हाळ्यात एके दिवशी टोळीत एक माणूस कमी होता. मालकाचा निरोप आला की ट्रक संध्याकाळच्या आत निघाला पाहिजे. सब्बल धरावयास माणूस नाही म्हणून वडील स्वतः उताराच्या अंगास गेले. एक दोर झिजलेला होता. ओंडका अर्ध्या वाशावरून परतला. वडिलांचा उजवा गुडघा त्या दिवसापासून वाकला नाही. मालकाने पंधरा दिवसांची मजुरी पाठविली आणि सोळाव्या दिवशी दुसरा माणूस लावला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढे वडिलांनी रात्रीची राखणदारी धरली आणि मी १९७४ साली मॅट्रिक झालो तो त्या राखणदारीच्या पैशावर. ही हकीकत मी कोणास दोष देण्याकरिता सांगत नाही. त्या काळी सर्वत्र हेच चाले. परंतु त्या झिजलेल्या दोराचा इतिहास कोठेतरी बोलला जावा, एवढीच इच्छा.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे ते फळ. हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळावी, त्यास भविष्यनिर्वाह निधी व अपघाताची भरपाई असावी, असे त्याने ठरविले. माझ्या वडिलांस एक वर्षाचा उशीर झाला, असे आमच्या घरी म्हणत. खरे पाहता कायदा मुंबईहून निघून आडगावच्या आवारापर्यंत यावयास एका वर्षाहून पुष्कळ अधिक काळ लागतो. पण घरच्या माणसांस असे हिशेब सांगण्यात अर्थ नसतो.

आता यंत्राची गोष्ट. अमेरिकेत १९१७ साली क्लार्क कंपनीने कारखान्यातील माल वाहण्यासाठी एक छोटी मोटारगाडी केली. तिच्यातून हळूहळू फोर्कलिफ्ट घडत गेली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामान हलविण्यासाठी तिचा सुळसुळाट झाला. पुढे गोदरेज, व्होल्टास अशा मुंबईच्या कंपन्यांनी आपल्याकडेही ती बनविली, आणि आज अकोल्याच्या किंवा नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत ती पोरासोरांच्याही ओळखीची आहे. पुढे दोन लोखंडी दाते, मागे तोल सांभाळणारे जड वजन. ओझे पुढे फार झाले की मागची चाके उचलली जातात. म्हणजे आमच्या बंडीचा उलारपणाच, फक्त तोंड फिरवून.

या यंत्राची एक मोठी अडचण आहे. ते माल समोरून उचलते. पेटी असो, पोत्यांची थप्पी असो, काही बिघडत नाही. पण सहा मीटरांचा लोखंडी नळ समोरून उचलला की तो यंत्राच्या पुढे आडवा होतो, आणि मग गोदामातील बोळ सहा मीटरांहून अधिक रुंद असल्यावाचून यंत्र एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. खांद्यावर आडवी काठी घेऊन दारातून जाऊ पाहणाऱ्या वेड्याची गोष्ट आपण मुलांस सांगतो. अनेक वर्षे सारे कारखाने त्या वेड्याच्या चालीने चालत होते म्हणा ना!

तेव्हा बाजूने उचलणारे यंत्र निघाले. त्यास साइडलोडर म्हणतात. इंग्लंडात लेटन बझर्ड या गावी १९५७ साली स्थापन झालेल्या लान्सर बॉस कंपनीने ही यंत्रे नावारूपास आणली. याची रचना लांब सपाट गाडीसारखी असते. उचलणारा खांब पुढे नसून मध्यभागी, गाडीच्या कुशीत असतो, आणि तो आडवा आतबाहेर सरकतो. यंत्र बोळातून मालाच्या समांतर येऊन उभे राहते. त्याचे लोखंडी पाय खाली उतरून जमिनीस टेकतात, म्हणजे एका अंगास भार आला तरी ते कलत नाही. खांब बाहेर सरकतो, दाते नळाखाली जातात, नळ वर उचलला जातो, खांब परत आत येतो आणि नळ गाडीच्या पाठीवर लांबीने विसावतो. मग पाय वर घेऊन यंत्र चालू लागते. सहा मीटरांचा नळ अडीच-तीन मीटरांच्या बोळातून जातो. १९९८ साली आयर्लंडमधील मोनाहन येथे कॉम्बिलिफ्ट कंपनी निघाली. तिने चाकेच सर्व दिशांस वळतील असे यंत्र केले. ते समोरूनही उचलते आणि मग सबंध यंत्रच आडवे चालते. बाजूने घ्यावे आणि लांबीने न्यावे: मेळघाटच्या बंडीवानाचे तत्त्व पोलादात ओतलेले पाहून मला तरी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

यंत्रात उणिवा आहेत. साधा साइडलोडर एकाच अंगाने उचलतो, म्हणून पलीकडच्या रांगेतील माल हवा असल्यास बाहेर जाऊन, वळून, पुन्हा उलट तोंडाने आत यावे लागते. किंमतही साध्या फोर्कलिफ्टहून पुष्कळ जास्त. त्यामुळे आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक लोखंडाच्या दुकानदारांस त्याची गरज भासत नाही. ते काय करतात? घरबांधणीची लोखंडी सळई बारा मीटरांची येते. ट्रक आखूड, गल्ली अरुंद, म्हणून सळई मधोमध दुमडून आणतात आणि बांधकामावर पुन्हा सरळ करतात. लाकूड तोडणे आणि सळई वाकविणे, ही लांब ओझ्यापुढे हात टेकण्याचीच दोन रूपे. याउलट रेल्वेखात्याने काय केले पाहा: भिलाईहून २६० मीटर लांबीचे सांधलेले रूळ खास गाड्यांवरून येतात, आणि उतरविताना रुळाचे टोक जागेवर अडकवून ठेवून खालून गाडीच पुढे काढून घेतात. ओझे स्थिर आणि वाहन चालते!

माझा पुतण्या पुण्याकडे पोलादाच्या एका गोदामात कारकून आहे. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो असता “काका, तुमच्या कामाची गोष्ट दाखवतो,” म्हणून त्याने मला तेथील साइडलोडर दाखविला. चालविणारा तरुण योगायोगाने आपल्याच मुलखातला, कारंज्याकडचा. त्याने नळांचा भारा उचलला, आत घेतला, खाली ठेवला. त्या दहा मिनिटांत मी यंत्राकडे फारसे पाहिलेच नाही. उताराच्या अंगास कोण उभे आहे, एवढेच पाहत होतो. तेथे कोणीही नव्हते.

मग मी पुतण्यास विचारले, यापूर्वी हे काम किती माणसे करीत? तो म्हणाला, आठ. आणि आता? एक हा चालविणारा, आणि दोघे भारे बांधण्यास. उरलेले पाच कोठे गेले ते त्यास ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांचा गुडघा एका पारड्यात आणि त्या पाच घरांची चूल दुसऱ्या पारड्यात घालून मी बराच वेळ उभा राहिलो. माझ्याने ते तोलले गेले नाही. गुडघ्याच्या बाजूस मन ओढते हे मी लपवीत नाही. परंतु तो गुडघा माझ्या बापाचा होता, आणि त्या चुली मी पाहिलेल्या नाहीत.

निघताना त्या चालकास मी म्हटले, “अरे, पावसाळ्यात बाहेरच्या आवारात काम करतोस, तेव्हा जमीन मऊ लागली म्हणजे?”

तो हसला. “गुरुजी, जमीन नरम असन तर हे पाय रुततेत. मंग खाली फळी टाका लागते.”

मी वाकून पाहिले. यंत्राच्या दोन्ही लोखंडी पायांखाली लाकडाची एकेक जाड फळी होती. कडा झिजलेल्या, मधोमध पायाचा गोल खळगा पडलेला. बंडीच्या चाकाखाली वडील जसा चपटा दगड निवडून लावीत, तशाच त्या फळ्या त्याने कोठूनतरी निवडून आणल्या होत्या, आणि काम संपताच तो त्या उचलून आपल्या बसण्याच्या जागेखाली नीट ठेवीत होता.